पानखडा, जोडखडा आणि आम्ही गडचांदूरकर

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. रानातून चालत आलं की पायजम्याला कुसळं लागलेली असतात, तसे ते लागतात. घरी येऊन एकेक काढत बसायचं! आम्हाला जरा जास्तच लागले, कारण आम्ही चाललोही जास्त. तेही फोनकडे बघत!

आधी गेम सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. फोन घेऊन चालायचं. चालता चालता नकाशावर जीव दिसतात, ते पकडायचे. पकडलेला जीव खाऊ घातला की वाढतो. पण काही जीव असे हट्टी, की कितीही खाऊ घाला, आहेत तेवढेच राहतात. त्यांना एक खास वस्तू लागते. कुणाला उन्हाचा खडा, कुणाला पानखडा, कुणाला शेपटीत बांधायचा लोखंडी मणी. ती मिळाली की जीव गोल फिरतो, चमकतो आणि भलताच मोठा होऊन समोर उभा राहतो. या वस्तू गावातल्या ठरावीक थांब्यांवर सापडतात. देऊळ, विहार, वाचनालय, पाण्याची टाकी. तिथे जाऊन फोनवरचं चक्र फिरवायचं, नशिबात असेल ते पडतं. जीवांची खरी नावं इंग्रजी आहेत. आमच्या एकाच्याही जिभेला ती वळली नाहीत, म्हणून आम्ही आपली आपली ठेवली.

आम्ही म्हणजे पाच जण. मी गजानन, इथल्या एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. बाकीचे येतीलच एकेक.

* * *

माझं काम म्हणजे खाणीतून आलेल्या चुनखडीचे नमुने तपासणं. दिवसभर दगड दळायचे, त्यात चुना किती ते बघायचं. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी लॅबच्या मागच्या खिडकीत उभा होतो. तिथून कॉलनीच्या वाचनालयाचा थांबा बरोब्बर फोनच्या टप्प्यात येतो. चक्र फिरवलं आणि उन्हाचा खडा पडला! किती महिने वाट पाहिली होती त्याची! राहवलं नाही, ओरडलोच, “भेटला! असा खडा आजपर्यंत नव्हता भेटला!”

नेमके मागे आमचे साहेब. नवेच बदलून आलेले, फार उत्साही माणूस. धावतच आले.

“कोणत्या बेंचवरून आला?”

खाणीत दगड पायऱ्या-पायऱ्यांनी काढतात, त्या पायरीला बेंच म्हणतात. मी गडबडलो. तोंडातून खरं तेच निघालं.

“वाचनालयासमोरून, साहेब.”

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, बराच विचार केला आणि हळहळत म्हणाले,

“अरे, पण तिथं आपली लीज कुठाय!”

* * *

आता वामनभाऊ. कारखान्यात आयुष्यभर डंपर चालवला. रिटायर झाल्यावर डंपर सुटला, पण बसायची सवय सुटली नाही. पोट सुटलं, शुगर आली. डॉक्टर म्हणाले चाला. भाऊ म्हणाले, “जन्मभर गाडी चालवली, आता मले चालाले सांगून राह्यले!”

शेवटी रोशनने त्यांच्या फोनमध्ये हा गेम टाकून दिला. रोशनचं बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आमचा अड्डाही तोच. भाऊंना पहिल्याच दिवशी एक जीव सापडला. गोल गरगरीत, झोपाळू. भाऊंनी त्याचं नाव ठेवलं ढेपळ्या. ढेपळ्या मोठा व्हायला लोखंडी मणी लागतो आणि मणी असा, की जीव सोबत घेऊन मालक भरपूर चालला तरच तो पडतो.

आणि काय सांगू, भाऊंच्या फोनात किलोमीटर वाढायला लागले! रोज सकाळी! आम्ही थक्क. ढेपळ्याला मणी मिळाला, तो मोठा होऊन हत्तीएवढा झाला. भाऊंनी दुकानात सगळ्यांना पेढा खाऊ घातला. स्वतःही खाल्ला.

आमच्यात सुजाताताई आहेत, सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांनी भाऊंना धरून रक्त तपासायला नेलं. शुगर होती तिथेच! उलट पेढ्यापुरती वर. ताईंना शंका आली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना बघतात, तर गल्लीतून शांताबाईंची भाजीची हातगाडी चालली आहे आणि कोथिंबिरीच्या जुडीखालून गेमचा आवाज येतो आहे. जुडी उचलली. खाली भाऊंचा फोन!

ताई तडक भाऊंच्या घरी. भाऊ खाटेवर पेपर वाचत होते.

“भाऊ, हे काय? चालून कोण राह्यलं?”

भाऊंनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला.

“फोन कोणी चालवला त्याच्याशी काय घेणं? सिम तं माह्याच नावावर हाय न!”

* * *

हे एक छोटंसं. मे महिना. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबतं. या गेमला बाहेरचं हवामान कळतं आणि ऊन असलं की उन्हाचे खडे जास्त पडतात. आम्ही डोक्याला दुपट्टे बांधून, खिशात कांदा ठेवून पाण्याच्या टाकीखाली उभे. फोनवर अक्षरं आली. आजचं हवामान: प्रसन्न सूर्यप्रकाश.

वामनभाऊंनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, “ज्यानं हे लिवलं त्याले एक डाव इथी आणा. चहा पाजू. उन्हातच तापवू!”

* * *

सुजाताताईंच्या सासूबाई रोज संध्याकाळी विहारात जातात. म्हातारी बाई, पांढरं शुभ्र लुगडं, वंदना झाली की बोधिवृक्षाच्या पारावर बसतात. चार बायका जमतात, गप्पा होतात. ताईंना मात्र ड्यूटीतून वेळ मिळत नसे. त्यावरून सासूबाई अधूनमधून बोलायच्या.

मग ताईंना कळलं, की विहारातला बोधिवृक्ष हा गेममधला थांबा आहे आणि सगळ्या गावात पानखडा पडतो तो तिथेच. झालं! ताई रोज संध्याकाळी विहारात. वंदनेला बसायच्या, मनापासून बसायच्या, आणि मग जाता जाता झाडाखाली दोन मिनिटं मान खाली घालून उभ्या राहायच्या. हातात फोन, पण पदराआड.

सासूबाईंचा ऊर भरून आला. साऱ्या वस्तीत सांगत सुटल्या, “माही सून पाहा! दिवसभर दवाखाना करते अन् संध्याकायी बोधीखाली ध्यान लावते!”

ताईंना हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक दिवस त्यांनी हिंमत केली. पारावर सासूबाईंच्या शेजारी बसून फोन दाखवला. हे ध्यान नाही, हा गेम आहे, झाडाखाली चक्र फिरवलं की पानखडा पडतो, सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ताई म्हणतात, त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे तेच कळेना.

“थांब थांब,” सासूबाई म्हणाल्या. “हे चक्र कितीदा फिरवता येते?”

“थोडा वेळ थांबलं की पुन्हा येते, आई.”

“अवं, मंग आधी नाई सांगाचं? मी तं इथी वंदना झाल्यावर दिवे लागेपर्यंत बसतो!”

आज आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त पानखडे त्यांच्याकडे आहेत. वस्तीतल्या आणखी दोन आज्यांनाही त्यांनी शिकवलं. पण नियम पक्का. वंदना पूर्ण होईपर्यंत कोणी फोन काढायचा नाही. ताईंनी एकदा चुकून काढला, तर सासूबाई म्हणाल्या, “पयले मन शांत कर. खडा कुठी पळून जाऊन नाई राह्यला!”

* * *

पाचवे आमचे नेतामभाऊ. वनरक्षक. गाव धानोऱ्याकडे, जंगलाच्या पोटात, नोकरी मात्र इकडे. बोलतात कमी. पण जंगलात गस्त घालताना यांना जे जीव सापडतात, ते आम्हाला स्वप्नातही दिसत नाहीत.

एकदा गेममध्ये कासवांचा दिवस होता. पाठीवर वारूळ असलेलं एक दुर्मीळ कासव, एरवी वर्षात एखादं दिसणारं, त्या दिवशी गल्लोगल्ली फिरत होतं. आम्ही वेड्यासारखे पकडत सुटलो. आणि नेतामभाऊ? कासव समोर आलं की थांबायचे, किंचित मान लववायचे, “जोहार” म्हणायचे आणि स्क्रीन बंद!

वामनभाऊंचा जीव वरखाली होऊ लागला. “अरे, पकड न बाबा! काऊन सोडून राह्यला?”

“कासव आमच्या कुळाचं हाय, भाऊ. आमी त्याले मारत नाई, धरत नाई.”

“पण हा खरा हाय का? फोनातला हाय तो! खोटा हाय!”

नेतामभाऊंनी भाऊंकडे शांतपणे बघितलं.

“खोटा हाय, तं मी सोडल्यानं तुमचा जीव काऊन जाऊन राह्यला?”

मग पुढच्या चौकात एक कासव निघालं. भाऊंनी फोन वर केला, आमच्याकडे चोरून बघितलं आणि फोन खिशात टाकून म्हणाले,

“जाऊ दे. आज माह्याकडून बी जोहार.”

* * *

मार्कंड्याला गेलो ती गोष्ट. वैनगंगेच्या काठावर देवळंच देवळं, आणि कोरीव काम असं की मान दुखेपर्यंत वर बघावं. सुजाताताईंना ते कोरीव काम बघायचं होतं. आम्हाला कळलं होतं की तिथली दर दुसरी मूर्ती गेममध्ये थांबा आहे. जत्रेत गेलो असतो तर नेटवर्कने दगा दिला असता, म्हणून साधा दिवस निवडला.

एका थांब्याचं चक्र फिरवलं की पुढचा, मग त्याच्या पुढचा, आणि फिरून येईपर्यंत पहिला पुन्हा तयार. म्हणजे देवळाभोवती गोल गोल चालत राहायचं. पुढे वामनभाऊ, मागे रोशन, मागे मी, शेवटी नेतामभाऊ. माना खाली, हात समोर, तोंडातून अवाक्षर नाही.

थोड्या वेळाने बघतो तर आमच्या मागे एक जोडपं फिरतंय. मग त्यांच्या मागे एक म्हातारबा. मग ब्रह्मपुरीकडून आलेली गाडीभर माणसं. कोणी काही विचारलं नाही. एवढी माणसं एवढं मन लावून फिरताहेत म्हणजे काहीतरी असणारच! ताई नदीकाठच्या पायरीवर बसून हसून हसून डोळे पुसत होत्या.

शेवटी एका बाईंनी धीर केला. पदर सावरत वामनभाऊंच्या बाजूला आल्या.

“भाऊ, किती फेऱ्या घालाच्या असते इथी?”

भाऊंची नजर फोनवर. मान वर न करता म्हणाले,

“बॅटरी संपेपर्यंत!”

एक सांगतो. त्या दिवशी भाऊ स्वतःच्या पायांनी चालले, सगळ्या फेऱ्या. परत येताना गाडीत पाय चोळत होते, पण तक्रार नाही. त्यानंतर ते चालायलाच लागले. पुढच्या वेळी ताईंनी रक्त तपासलं, तर ताईंनाच कागद दोनदा बघावा लागला. भाऊंना बातमी सांगितली, तर म्हणे, “ते ठीक हाय. पण त्या बाईचं काय झालं असन?”

* * *

आता रोशनची.

रोशनचे वडील कारखान्यात पॅकिंग विभागात होते. अंगापिंडाने मोठा माणूस, शब्दाने कंजूष. त्यांनी खटपट करून रोशनला कारखान्यात लावलं. रोशन आठवडाभरही टिकला नाही. सोडून दिलं आणि मोबाईलचं दुकान टाकलं. त्या दिवशी बापलेकांचं जे बोलणं बंद झालं, ते बंदच. घर एक, ताटं एका चुलीवरची, पण बोलायचं ते आईमार्फत. दोघंही टीव्हीसमोर बसलेले असायचे आणि वडील म्हणायचे, “त्याले सांग, आवाज कमी कर.” रोशन म्हणायचा, “आई, बाबाले सांग, रिमोट त्याईच्याच बाजूले हाय.” आणि आई स्वयंपाकघरातून, “मी काय या घरातलं टपाल हाव का रे!”

अशी वर्षं गेली. वडील रिटायर झाले, तरी तसंच.

रोशनजवळ एक जीव होता. बुटका, मोठ्या डोक्याचा, कायम रुसलेला. आम्ही त्याला ठेंगू म्हणायचो. रोशनचा हा सगळ्यात पहिला जीव आणि सगळ्यात लाडका. पण तो काही केल्या मोठा होईना. ठेंगूला लागतो जोडखडा. आणि जोडखड्याची गंमत अशी, की तो देऊन जीव स्वतःजवळ ठेवला तर काहीच होत नाही. तो बांधून जीव दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. समोरच्यानेही आपला ठेंगूच द्यावा लागतो. असे दोघांनी एकमेकांचे घेतले, की दोन्ही मोठे होतात. आणि अदलाबदल करताना दोघांनी हाकेच्या अंतरावर असावं लागतं.

रोशनला जोडखडा मिळाला होता. पण दुसरा ठेंगू कुणाकडे? आमच्यात कुणाकडेच नाही. मग एकदा दिसला! पाण्याच्या टाकीला गेममध्ये किल्ला आहे, तो जिंकला की आपला जीव पहाऱ्याला बसवता येतो. त्या किल्ल्यावर एका सकाळी ठेंगू बसलेला. मालकाचं नाव, ‘एकटा वाघ’.

या एकट्या वाघाने आम्हाला सळो की पळो केलं होतं. रोज उजाडताच किल्ला घ्यायचा. वामनभाऊंचं ठाम मत, “कॉलेजचं पोट्टं हाय. आजकालच्या पोट्ट्याईले झोपच नाई!” नेतामभाऊ म्हणायचे, “पोट्टं नाई. एवढा धीर पोट्ट्यात नसते.”

गेममध्ये अनोळखी माणसाशी बोलता येत नाही, फक्त हाक देता येते. समोरच्याने होकार दिला तर दोस्ती. रोशनने हाक दिली. त्याच दिवशी होकार आला! पण पुढे काय? रोशन बसस्टँडवर जाऊन बघायचा, टाकीखाली जाऊन बघायचा, दुकानातून बघायचा. फोन म्हणायचा, ‘दोस्त दूर आहे’. घरी मात्र रोशन गेम कधीच उघडायचा नाही. बाबांसमोर फोनात डोकं घातलेलं दिसलं, की आईमार्फत एक वाक्य यायचं, आणि ते त्याला नको असायचं.

एका रविवारी रोशनच्या आईने आम्हा सगळ्यांना तर्री-पोहे खायला बोलावलं. बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं, वडील आत. आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो. वामनभाऊंना दबका आवाज जमत नाही.

“अबे रोशन, पाह्य न, तुहा वाघ कुठी हाय आज?”

“घरी नाई उघडत, भाऊ.”

“पाह्य रे! पोहे येईपर्यंत काय करू?”

रोशनने दाराकडे एक नजर टाकली आणि फोन उघडला. त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने फोन आमच्याकडे फिरवला.

‘दोस्त जवळ आहे’.

वामनभाऊ ताडकन उठले. पोट सांभाळत बाहेर गेले, गल्लीत डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शेजारच्या ओसरीत डोकावून आले. “कोणीच नाई. कोंबड्या हायेत!”

“जाईल तो, लवकर पाठव!” मी म्हणालो.

रोशनने घाईघाईने ठेंगूला जोडखडा बांधला आणि अदलाबदलीची विनंती पाठवली. आम्ही पाचही जण त्या फोनवर वाकलेले.

आतल्या खोलीत टिंग वाजलं.

सुजाताताईंनी हळूच माझा दंड धरला. रोशन नुसता बंद दाराकडे बघत राहिला. त्याची आई पोह्याच्या ताटल्या घेऊन आली होती, ती तशीच उंबऱ्यात थांबली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग फोनवर हिरवा होकार उमटला. दोन ठेंगू स्क्रीनवर समोरासमोर आले, एकमेकांना ओलांडून गेले. आत एक सूर वाजायला लागला, बाहेर तोच सूर वाजायला लागला, अर्धा क्षण मागेपुढे. रोशनच्या हातातला जीव गोल फिरला, चमकला, आणि मोठा झाला. रुंद खांद्यांचा, ताठ, आणि रुसवा कुठल्या कुठे गेलेला.

मग दाराआडून आवाज आला. जाड, न वापरल्यासारखा.

“मोठा झाला का?”

आई ताटल्या धरून उभी होती. तिने रोशनकडे बघितलं, पण तोंड उघडलं नाही.

“झाला, बाबा,” रोशन म्हणाला. मग जरा थांबून, “तुमचा?”

आत खाट करकरली. पावलं दारापर्यंत आली.

“माहा बी.”